टेबलटॉप आरपीजीत हसावं किती? नव्या टेबलासाठी सूर ठरवण्याची पद्धत

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजेच आरपीजी, खेळायला पहिल्यांदा जमलेल्या टोळीची खरी अडचण नियमांची नसते. लागतील तेवढे नियम खेळता खेळता कळतात. अडचण वेगळीच असते. एक जण मारल्या गेलेल्या बहिणीचा सूड घ्यायला निघालेला योद्धा घेऊन आलेला असतो. दुसऱ्याच्या जादूगाराचं नाव ‘बटाटेवडा’ असतं. तिसरी हळूच विचारते, इथे खरंच अभिनय करावा लागतो का? आणि गेम मास्टरने खपून एका उद्ध्वस्त राज्याचा शंभर वर्षांचा इतिहास लिहून आणलेला असतो. यांतलं कुणीच चुकलेलं नसतं, पण प्रत्येक जण वेगळा खेळ खेळायला बसलेला असतो.

अगदी कोऱ्या वाचकासाठी थोडक्यात सांगते. एक जण गेम मास्टर होऊन जग आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते काय करतं ते बोलून दाखवतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकायचे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि तिथून हा प्रकार रुजला. पुढची बरीच उदाहरणं त्याच्याच पाचव्या आवृत्तीतली आहेत, कारण बहुतेक नवे लोक तिथूनच सुरुवात करतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. टेबलावर हशा किती पिकतो यावरून खेळ गंभीर आहे की नाही ते ठरत नाही. पात्रांनी जे केलं त्याचे परिणाम गोष्टीत खरे धरले जातात का, यावरून ठरतं. चार तास पोट धरून हसणारी टोळीसुद्धा एखाद्या गावाला पुरापासून वाचवण्यासाठी जीव तोडून खेळू शकते. म्हणून ‘आपण किती गंभीर खेळायचं?’ या प्रश्नावर वेळ घालवू नका. त्याऐवजी ‘आपल्या गोष्टीत कशाची थट्टा होणार नाही?’ हे ठरवा. ते ठरवायचं कसं आणि टिकवायचं कसं, ते पुढे पायरीपायरीने.

पायरी १: खेळ निवडा

निम्मा सूर इथेच ठरतो, कारण प्रत्येक खेळाचे नियम काहीतरी मागत असतात. १९८४ चा ‘टून’ घ्या. त्यात तुम्ही कार्टूनमधली पात्रं असता. हिट पॉइंट, म्हणजे पात्रात किती जीव उरलाय त्याचे गुण, संपले तर पात्र मरत नाही, नुसतं आडवं होतं. खेळाडूने तीन मिनिटं गप्प बसायचं आणि मग पात्र टुणकन परत. अशा खेळात सूडाची शोकांतिका घेऊन बसलात तर नियमच तुमच्या विरुद्ध जातील.

आता दुसरं टोक. सँडी पीटरसन यांचा ‘कॉल ऑफ कथुलू’ १९८१ चा. त्यात शरीराच्या जखमांइतकीच मनाच्या जखमांची नोंद होते. पात्राने भयंकर काही पाहिलं की सॅनिटीचे, म्हणजे मनाच्या तोलाचे, गुण जातात. सातव्या आवृत्तीत एका झटक्यात पाच किंवा जास्त गुण गेले तर पात्राचं भान तात्पुरतं सुटू शकतं. कागदावरचा आकडा उतरताना दिसतो तसं टेबल आपोआप गप्प होत जातं. स्टीफन ड्यूई यांच्या ‘टेन कँडल्स’मध्ये तर अंधाऱ्या खोलीत खरोखरच्या दहा मेणबत्त्या लावतात. एकेक विझत जाते आणि शेवटची विझेपर्यंत उरलेली सगळी पात्रं मरणार हे सुरुवातीलाच माहीत असतं. तिथे ‘जरा गंभीर व्हा’ असं कुणाला सांगावं लागत नाही.

पण सगळा भार नियमपुस्तकावर टाकू नका. ‘पॅरानोइया’ हा १९८४ चा विनोदी खेळ: जमिनीखालचं एक शहर, त्यावर राज्य करणारा संशयी संगणक, आणि प्रत्येक खेळाडूकडे एकाच पात्राचे सहा क्लोन, कारण एक मरणार हे जवळजवळ ठरलेलंच. त्याच्या २००४ च्या आवृत्तीत मात्र खेळण्याच्या तीन शैली दिल्या आहेत: झॅप, क्लासिक आणि स्ट्रेट. झॅपमध्ये नुसती गोळीबाराची धमाल, तर स्ट्रेटमध्ये तेच शहर इतकं गुदमरवणारं होतं की हसू घशातच अडकावं. शहर तेच आणि संगणकही तोच, पण कुठल्या शैलीत खेळायचं हे टेबलाला निवडावंच लागतं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि म्हणूनच त्यात सुराचे घोटाळे सगळ्यात जास्त होतात. या खेळाच्या हाडातच खट्याळपणा आहे. ‘लाइटनिंग बोल्ट’ हा मंत्र म्हणायला केसाळ कातड्याचा तुकडा आणि काचेची कांडी लागते. शाळेत कांडी घासून कागदाचे कपटे उचलायचो, तोच स्थिर विजेचा प्रयोग. ‘फायरबॉल’ला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं, म्हणजे थेट बंदुकीच्या दारूकडे बोट. गंमत लिहिणाऱ्यांनीच पेरली आहे. पण तो फायरबॉल पडला की सहा बाजूंचे आठ फासे टाकून नुकसान मोजलं जातं आणि वीस फुटांच्या त्रिज्येतले साधे गावकरी जागीच मरतात. साहित्य हसवणारं आणि परिणाम खराखुरा, हे दोन्ही एकाच मंत्रात. मला या खेळाचा सूर तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

पायरी २: सेशन झीरोत सूर ऐकवा

खेळ सुरू करण्यापूर्वी फक्त बोलण्यासाठी एकदा भेटतात, त्याला सेशन झीरो म्हणतात. नवी टोळी ही भेट टाळते आणि पुढे भोगते.

या भेटीत ‘गंभीर’, ‘हलकंफुलकं’, ‘डार्क’ असे शब्द वापरून फारसं हाती लागत नाही. प्रत्येकाच्या मनात त्यांचं माप वेगळं असतं. त्यापेक्षा गेम मास्टरने एकच प्रसंग तीन प्रकारे सांगून दाखवावा. उदाहरणार्थ, पुलावरचा पहारेकरी.

पहिला प्रकार: पहारेकऱ्याच्या शिरस्त्राणावर एक बदक बसलंय. जकात पहारेकरी घेत नाही, बदक घेतं.

दुसरा प्रकार: पहारेकऱ्याला चार महिने पगार नाही. तो जकातीच्या दुप्पट पैसे मागतो, मग स्वतःच ओशाळतो, आणि सोडायच्या आधी आपल्या सासऱ्याबद्दलची सगळी तक्रार तुम्हाला ऐकवतो.

तिसरा प्रकार: पहारेकरी तुमच्या घोड्याकडे बोट दाखवतो. त्याच्या मागे, खांबांना बांधून, ज्यांच्याकडे जकात नव्हती ती माणसं बसली आहेत. त्यांतलं एक मूल तुमच्याकडे बघतंय.

मग विचारा: यांतल्या कुठल्या पुलावर तुम्हाला थांबावंसं वाटतं? उत्तरं लगेच येतात, आणि त्यांतून टेबलाचा कल कळतो. माझा अनुभव असा की बहुतेक लोक दुसरा पूल निवडतात आणि अधूनमधून तिसऱ्यावर जायची तयारी दाखवतात. नव्या टोळीसाठी ते मला सगळ्यात निकोप मिश्रण वाटतं. तो पहारेकरी हसवतो, पण त्याची गरिबी खरी आहे. पुढे त्याची नोकरी गेली तर खेळाडूंना वाईट वाटेल.

त्यानंतर मुख्य प्रश्न: कशाची थट्टा होणार नाही? एक किंवा दोनच गोष्टी निवडा, जास्त नकोत. एखादं टेबल म्हणेल ‘पात्राचा मृत्यू’. दुसरं म्हणेल ‘लहान मुलं’. तिसरं म्हणेल ‘कुणाच्याही पात्राची पूर्वकथा’. तिथे हात लागला की सगळ्यांनी विनोद बाजूला ठेवायचा, बाकी सगळं मोकळं. एवढी साधी कबुली घेतली की पुढची कितीतरी भांडणं वाचतात.

याच भेटीत हेही विचारा की गोष्टीत काय अजिबातच नको, आणि काय असलं तरी पडद्याआड घडावं. रॉन एडवर्ड्स यांनी यांना अनुक्रमे ‘लाइन्स’ आणि ‘व्हेल्स’ अशी नावं दिली आणि ती जगभर रूढ झाली. सोबत जॉन स्टॅव्हरोपोलस यांचं एक्स-कार्ड ठेवा: टेबलाच्या मध्ये एक कार्ड, त्यावर फुली. कुणालाही चालू प्रसंग असह्य झाला तर कार्डाला हात लावायचा. तो भाग तिथेच वगळायचा, कारण विचारायचं नाही. ही व्यवस्था फक्त काळ्याकुट्ट कथांसाठी आहे असं समजू नका. थट्टेतूनही माणसं दुखावतात. एखाद्याचा जाडेपणा, जात, बोलण्याची ढब, घरचं आजारपण यांवरचा विनोद गोष्टीच्या आडून सहज येतो, आणि हसण्याच्या भरात कुणाचं तोंड उतरलंय ते दिसत नाही.

पायरी ३: पात्राला एक खरी इच्छा द्या

विनोदी पात्र चालेल का, असं नवे खेळाडू विचारतात. जरूर चालेल. फक्त ज्याचं नाव हाच एकमेव विनोद आहे, ते पात्र पहिल्या सेशनच्या मध्यंतरापर्यंत संपतं. नाव ऐकून दोनदा हसू येतं, मग त्या पात्राकडे करायला काही उरत नाही, आणि खेळाडू लक्ष वेधण्यासाठी दुकानं जाळू लागतो.

उपाय सोपा आहे. पात्र कितीही विचित्र असलं तरी त्याला एक इच्छा द्या, जी त्याच्या लेखी अजिबात विनोदी नाही. बटाटेवडा नावाच्या जादूगाराला आपलं नाव बदलून घ्यायचं आहे. ते ठेवणाऱ्या गुरूने त्याला आश्रमातून हाकललं, आणि जाताना एवढंच दिलं. आता नाव तेच, हसूही तेच, पण गेम मास्टरला धरायला एक दोरा मिळाला. पुढे कधी गुरू समोर आला तर त्या प्रसंगात कुणी हसणार नाही.

उलट बाजूचंही बघा. काळा झगा, मेलेलं कुटुंब, कुणाशी बोलत नाही, कुणावर विश्वास नाही: असं पात्रसुद्धा टेबलाचा सूर बिघडवतं, कारण ते कुणालाच काही देत नाही. त्याला एखादी आवड द्या, एखादी खोड द्या. दुःखी माणूसही चहाबद्दल हट्टी असू शकतो.

आणि अभिनयाचं दडपण घेऊ नका. यूट्यूबवर जे लांबलचक खेळ दिसतात त्यांतल्या अनेकांचा आवाजाचा अभिनय हाच व्यवसाय आहे. ‘माझी योद्धी त्याला सांगते की ती थांबणार नाही’ असं तृतीय पुरुषी, साध्या आवाजात म्हणणं पूर्णपणे मान्य आहे. नाटकी आवाज काढणारा जास्त गंभीरपणे खेळतो असं मुळीच नाही.

पायरी ४: कोण हसतंय ते ओळखा

टेबलावरचे विनोद दोन प्रकारचे असतात. एक, खेळाडूंचे: फासा पलंगाखाली गेला, कुणीतरी ‘ड्रॅगन’ला चुकून ‘डॉक्टर’ म्हणालं. दोन, गोष्टीतले: पात्रच दुसऱ्या पात्राची फिरकी घेतंय. पहिल्या प्रकाराने गोष्टीला धक्का लागत नाही. मित्र जमले की ते होणारच, होऊ द्या. दुसरा प्रकार म्हणजे गोष्टीचाच भाग, त्यामुळे त्याचे परिणामही गोष्टीत होतात. घोटाळा होतो तो या दोन्हींची सरमिसळ झाल्यावर. राजाने दरबारात बोलावलंय, खेळाडू गंमत म्हणून काहीतरी अचकट बोलतो, गेम मास्टर ते पात्राच्या तोंडचं धरून त्याला तुरुंगात टाकतो, आणि खेळाडू म्हणतो, ‘अरे, मी तर असंच बोललो!’

यावर एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘हे तू बोलतोयस की तुझं पात्र?’ राग न आणता, दर वेळी, अगदी सहज विचारा. खेळाडू स्वतःच ठरवतो. ‘पात्र बोलतंय’ म्हणाला, तर राजाने ऐकलं.

गोष्टीतला विनोद चालावा म्हणून गेम मास्टरचं काम काय, हे मला तमाशातल्या वगाकडे बघून सगळ्यात चांगलं कळतं. सोंगाड्या राजाची रेवडी उडवतो तेव्हा राजा राजासारखाच वागतो, रागावतो, हुकूम सोडतो, म्हणूनच प्रेक्षक हसतात. राजाच फिदीफिदी हसू लागला तर सोंगाड्याला काही करायला उरत नाही. गेम मास्टर हा तो राजा आहे. खेळाडूंनी कितीही धमाल केली तरी जगातल्या माणसांनी, गावकऱ्यांनी, शत्रूंनी आपलं आयुष्य मनापासून जगायचं. विनोद करायचा हक्क सगळ्यांना आहेच, पण जगाची बाजू धरणारा माणूस टेबलावर एकच असतो.

मराठीत खेळणाऱ्यांकडे यासाठी एक फार चांगलं साधन आहे. राजा दरबारात ‘आपण’ म्हणाला, नंतर एकांतात ‘तुम्ही’वर आला आणि शेवटी चिडून ‘तू’वर उतरला, तर एकही विशेषण न वापरता टेबलाला कळतं की प्रसंग गंभीर झाला. नियमांचे शब्द खुशाल ‘हिट पॉइंट’, ‘सेव्हिंग थ्रो’, ‘इनिशिएटिव्ह’ असेच राहू द्या. पात्रांच्या तोंडची भाषा मात्र सांभाळा.

पायरी ५: परिणाम नियमाने द्या, चिडून नव्हे

नव्या टेबलांवर एक गैरसमज सर्रास दिसतो: वीस बाजूंच्या फाशावर २० पडले की काहीही शक्य. ‘मी राजाला म्हणतो, मुकुट दे,’ फासा पडतो, २०, आणि सगळे ओरडतात. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत २० ला खास महत्त्व आहे ते हल्ल्याच्या फाशावर आणि मृत्यूच्या सेव्हवर, म्हणजे मरणाच्या दारात पडलेलं पात्र तगण्यासाठी टाकतं त्या फाशावर. साध्या कौशल्याच्या चाचणीत २० म्हणजे फक्त तुमची सर्वोत्तम कामगिरी. अशक्य ते अशक्यच राहतं. राजा मुकुट देणार नाही. फार तर हसून म्हणेल, ‘हिंमत आवडली, बस.’ मुळात जे घडूच शकत नाही त्यासाठी गेम मास्टरने फासा टाकायलाच सांगू नये. एवढी एक सवय लावली तरी खेळाचा सूर बराच सावरतो.

मृत्यूचंही तसंच. हिट पॉइंट शून्य झाले की पात्र बेशुद्ध पडतं आणि आपल्या प्रत्येक वळणाला फासा टाकतं. १० किंवा वर आलं तर यश, खाली आलं तर अपयश. तीन यश आधी आले तर पात्र स्थिरावतं, तीन अपयश आधी आले तर मरतं. पण मरणं हा शेवट असेलच असं नाही. ‘रिव्हिव्हिफाय’ मंत्राने मिनिटाच्या आत मेलेल्याला उठवता येतं, त्यासाठी ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडतो. ‘रेझ डेड’ला ५०० चा हिरा लागतो आणि दहा दिवसांची मुदत मिळते. म्हणजे मृत्यू किती गंभीर हे तुमच्या जगात हिरे किती सहज मिळतात यावर अवलंबून आहे! हलका सूर हवा असेल तर प्रत्येक शहरात जवाहिऱ्याचं दुकान असू द्या. मृत्यूला वजन हवं असेल तर हिरे दुर्मिळ करा, एका हिऱ्यासाठी अख्खी मोहीम काढावी लागू द्या. आणि जे ठरवाल ते सेशन झीरोतच सांगा. पात्र मेल्यावर ‘इथे हिरे मिळत नाहीत’ असं कळणं हा अन्याय आहे.

परिणाम देताना हात हलका ठेवा. खेळाडूने पहारेकऱ्याची टिंगल केली, तर त्याला लगेच तलवार उपसायला लावू नका. तीन सेशननंतर त्याच पुलावरून घाईने जायचं असताना तो पहारेकरी त्यांना शांतपणे ओळखू दे. त्यातून टेबल जे शिकतं ते कुठल्याही दटावणीने शिकत नाही.

पायरी ६: गंभीर प्रसंग छोटा ठेवा

चार तास कुणी गंभीर राहू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही करू नका. गंभीर प्रसंगासाठी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्याआधी चहाची सुट्टी द्या, फोन बाजूला ठेवायला सांगा, आणि सुरुवात एखाद्या ठोस तपशिलाने करा: ‘घरात दिवा नाही. चुलीत राख गार आहे.’ मग आवाज खाली आणा आणि प्रश्न विचारा: ‘तुझं पात्र कुठे बघतंय?’ भावना काय वाटली हे विचारू नका, कृती विचारा.

भीतीच्या प्रसंगात कुणी मध्येच हसलं तर बहुधा ते घाबरल्याचंच लक्षण असतं. टोकू नका. दोन क्षण थांबा, हसू विरू द्या, आणि शेवटचं वाक्य पुन्हा सांगून पुढे जा. प्रसंग संपल्यावर मात्र लोकांना भरपूर हसू द्या, त्यांना ते हवंच असतं.

पायरी ७: सूर घसरला तर गोष्टीबाहेर बोला

एखादा खेळाडू सतत सूर मोडत असेल, तर त्याच्या पात्रावर वीज पाडून शिक्षा करू नका. तो चिडेल आणि दुप्पट करेल. सेशन संपल्यावर बाजूला घेऊन विचारा. बरेचदा कारण साधं निघतं: त्याला कंटाळा आलाय, किंवा त्याच्या पात्राला त्या दिवशी काहीच करायला मिळालं नाही, किंवा सगळ्यांसमोर भावुक बोलायची लाज वाटते. पहिल्या दोन्हींचा इलाज गेम मास्टरच्या हातात आहे. तिसऱ्याला तृतीय पुरुषात बोलायची मोकळीक द्या.

कधीकधी मात्र आवडीच जुळत नाहीत. एकाला शनिवारी संध्याकाळी निव्वळ दंगा हवा असतो, दुसरीला दर्जेदार शोककथा. यात कुणाचीही आवड कमअस्सल नाही. अशा टोळीने लांब कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारी गोष्ट, सुरू करण्यापूर्वी दोन वन-शॉट खेळावेत, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टी: एक दंग्याची, एक गंभीर. दोन्हींना सगळ्यांनी हजर राहायचं. त्यानंतर शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा: कुठला क्षण घरी जाऊन कुणाला तरी सांगाल, आणि कुठे तुमचं लक्ष उडालं? उत्तरं कागदावर उतरवून घ्या. पहिल्या प्रश्नाची उत्तरं एकमेकांच्या जवळपास आली तर त्याच टोळीने कॅम्पेन सुरू करा. अगदीच दूर गेली तर महिन्यातून दोन वेगळी टेबलं लावा, ज्याला जे हवं त्याने तिथे बसावं, आणि ज्यांना दोन्ही हवं त्यांनी दोन्हीकडे.